मापं घेणारा आणि मापात न बसणारी: 'फँटम थ्रेड'मधल्या एका नात्याचं प्रकरण

पॉल थॉमस अँडरसनच्या 'फँटम थ्रेड' (2017) या चित्रपटात प्रेमाची कबुली फार उशिरा येते. तोवर उंची पोशाख बेतणारा रेनॉल्ड्स आणि त्याच्या घरात आलेली आल्मा या दोघांमध्ये जे काही होतं, ते मापं घेताना, टाचण्या लावताना, चहाचा ट्रे ठेवताना आणि टोस्टला लोणी फासताना होतं. चित्रपट संथ आहे अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि मला ती कधीच पटलेली नाही. हाताने शिवलेला उंची पोशाख घाईत होत नाही. आधी साध्या, स्वस्त कापडावर कच्चा बेत, मग अंगावर चढवून टाचण्या, मग उसवणं, पुन्हा बेतणं. इथलं नातं त्याच क्रमाने तयार होतं, म्हणून चित्रपटाला तेवढाच वेळ लागतो.

या लेखात त्या नात्याकडे एक प्रकरण म्हणून पाहायचं आहे. एका बंदिस्त घरात बाहेरची तरुणी येते, सुरुवातीला तिथल्या सामानासारखी ठेवली जाते, आणि शेवटी घरात काय चालेल हे ती ठरवते. हे कसं घडलं, कुठल्या टप्प्यावर पारडं फिरलं, आणि ज्या मार्गाने फिरलं तो आपल्याला मान्य व्हावा का? कथा शेवटपर्यंत सांगितल्याशिवाय यातलं काहीच बोलता येणार नाही, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर आधी तो पाहावा.

घर

काळ 1950 च्या दशकाचा मध्य, शहर लंडन. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग 1941 मध्ये सुरू झालं आणि 1949 पर्यंत चाललं. पॅरिसमध्ये दिओर या फॅशनकाराने 1947 मध्ये भरपूर घेराचे, बारीक कमरेचे पोशाख आणले तेव्हा लंडनच्या बायका अजून कूपनं मोजत होत्या. त्यानंतरच्या दशकात लंडनमधल्या उंची पोशाखांच्या घरांना राजघराणं, सरदारघराणी आणि श्रीमंत परदेशी गिऱ्हाइकं यांचा मोठा आधार होता. नॉर्मन हार्टनेलने राजकन्या एलिझाबेथचा 1947 चा लग्नाचा पोशाख केला आणि 1953 च्या राज्याभिषेकाचाही. चित्रपटातलं 'हाउस ऑफ वुडकॉक' काल्पनिक आहे, पण ते याच जगातलं घर आहे. त्याचा मालक रेनॉल्ड्स वुडकॉक हे पात्र सुचण्यामागे अँडरसनने क्रिस्तोबाल बालेन्सियागाबद्दल केलेलं वाचन होतं. कामापुढे बाकी सगळं गौण मानणारा, प्रसिद्धीपासून लांब राहणारा तो स्पॅनिश कारागीर.

हे घर राहण्याचं आणि कामाचं एकच आहे. फिट्झरॉय स्क्वेअरमधल्या अशाच एका उंच, अरुंद जिन्याच्या घरात चित्रीकरण झालं. सकाळी पांढरे कोट घातलेल्या शिवणकाम करणाऱ्या बायका एकामागून एक जिना चढून वर जातात, आणि त्या एका दृश्यात घराची उतरंड कळते: खाली गिऱ्हाइकं, मधे मालक, वर सुई-दोरा. हिशेब, नोकरमाणसं, गिऱ्हाइकांशी बोलणं, भावाचा स्वभाव सांभाळणं, हे सगळं बहीण सिरिलकडे. लेस्ली मॅनव्हिलने ही भूमिका इतक्या कमी हालचालीत केली आहे की तिने नुसता चष्मा लावला तरी खोलीतला आवाज खाली येतो.

नाश्त्याच्या टेबलावर रेनॉल्ड्स रेखाटनं करतो आणि तेव्हा कोणी बोललेलं, काही वाजलेलं त्याला खपत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला तिथे योहाना नावाची तरुणी बसलेली असते. तिचं बोलणं त्याला नकोसं झालं आहे हे तिलाही दिसतं. सिरिल भावाला विचारते की हिचं काय करायचं, आणि स्वतःच तोडगा सांगते: एक पोशाख भेट देऊन तिला निरोप देऊ. इतकंच. आल्मा येण्याआधी या घरात अशा बायकांसाठी ठरलेली रीत होती, बहीण ती रीत चालवायची आणि भावाला स्वतः कुणाला 'जा' म्हणावं लागत नसे. ही रीत ध्यानात ठेवली नाही तर पुढे आल्माने काय मोडलं ते कळत नाही.

पहिली संध्याकाळ

रेनॉल्ड्स समुद्राकाठच्या गावातल्या हॉटेलात नाश्त्याला येतो. आल्मा तिथे वेट्रेस आहे. ती अडखळते, लाजते, मग त्याची भलीमोठी ऑर्डर लिहून घेते. तो तिने लिहिलेला कागद तिच्याकडून मागून घेतो आणि सगळं आठवेल का म्हणून विचारतो. तिला सगळं आठवतं. आल्माची भूमिका करणारी लक्झेंबर्गची विकी क्रीप्स आणि रेनॉल्ड्स साकारणारा डॅनियल डे-लुईस यांची प्रत्यक्ष पहिली भेट याच दृश्याच्या चित्रीकरणात झाली, आणि तिच्या चेहऱ्यावर चढलेली लाली पाहताना ते जाणवतं. बिलाबरोबर ती त्याला चिठ्ठी देते. त्यात ती त्याला भुकेला मुलगा म्हणते आणि आपलं नाव सांगते.

माझ्या मते प्रकरणाचा पहिला महत्त्वाचा पुरावा ही चिठ्ठी आहे. समोर प्रतिष्ठित, वयाने मोठा, देखणा माणूस आहे आणि तिला त्याच्यात दिसतं ते भुकेलं पोर. बाकी सगळं जग त्याला वुडकॉक म्हणून ओळखतं.

त्या रात्री जेवताना तो तिच्या ओठांवरची लिपस्टिक पुसून टाकतो, आपण कुणाशी बोलतोय ते पाहायचं आहे म्हणून. स्वतःच्या आईबद्दल सांगतो. तिच्या केसांची बट त्याने कोटाच्या आतल्या कॅनव्हासमध्ये शिवून ठेवली आहे. कापडाच्या थरांमध्ये काहीही लपवता येतं, असं तो म्हणतो. आल्मा टक लावून पाहत राहते आणि त्याला बजावते की नजरेला नजर देण्याची पैज लावलीस तर हरशील.

मग मापं. या दृश्यावर मी कितीही वेळा बोलू शकेन. तो तिला वरच्या खोलीत नेतो. प्रेक्षकाला वाटतं आता जवळीक होणार, आणि होतेही, पण टेपने. तिला आतल्या कपड्यांत उभं करून तो अंगावर कापड टाचतो. तेवढ्यात सिरिल येते, जवळ जाऊन आल्माचा वास घेते, त्यातले वास एकेक करून ओळखते, आणि वही घेऊन बसते. तो आकडे बोलतो, ती लिहिते. खांदा, पाठ, छाती, कंबर, दंड. खोलीत तिघं आहेत आणि त्यातल्या दोघांना हे काम डोळे मिटून येतं. तुला छातीच नाही असं तो म्हणतो तेव्हा ती माफी मागते. तो म्हणतो, नाही, तू अगदी हवी तशीच आहेस, ती देणं माझं काम, मला वाटलं तर. सिरिल शांतपणे सांगते की तुझी अंगकाठी आदर्श आहे, त्याला थोडं पोट असलेलं आवडतं.

हा क्षण एकाच वेळी अपमानाचा आणि गौरवाचा आहे, आणि चित्रपट त्यातला एकही रंग पुसत नाही. आल्मा नंतर सांगते की तिला स्वतःचे खांदे रुंद वाटायचे, मान बारीक वाटायची, आणि त्याच्या कपड्यांत ती जशी असावी तशी झाली. हे तिचं खरं सुख आहे. ज्यांना आल्मा निव्वळ बळी वाटते त्यांनी हे वाक्य विसरू नये. आपल्यासारखं तासन्‌तास उभं राहणं दुसऱ्या कुणालाच जमत नाही, हेही ती अभिमानाने सांगते. तिची पहिली ताकद हीच, टिकून राहण्याची.

छोट्या कुरबुरी

घरात आल्यावर तिला खोली मिळते, काम मिळतं, अंगावर पोशाख मिळतात. मत मिळत नाही. एक कापड आवडलं नाही असं ती म्हणते तेव्हा सिरिल सांगते की गिऱ्हाइकांना ते आवडतं. रेनॉल्ड्स म्हणतो, तुझी आवड कदाचित बदलेल. कदाचित मला माझीच आवड आवडत असेल, असं आल्मा उत्तर देते.

टोस्टचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. ती लोणी फासते, सुरी कुरकुरते, कप बशीवर आपटतो, आणि ध्वनिमुद्रणात हे आवाज इतके पुढे आणले आहेत की आपल्यालाही रेनॉल्ड्सचा त्रास व्हायला लागतो. मला ही दिग्दर्शकाची फार प्रामाणिक गोष्ट वाटते. तो आपल्याला आल्माच्या बाजूने सहज उभं राहू देत नाही. तो चिडका माणूस ज्या कानांनी ऐकतो तेच कान तो आपल्याला देतो. नंतर एकदा ती न विचारता चहा घेऊन येते. तो नाही म्हणतो, ती परत निघते, आणि तो ओरडतो की चहा गेला पण व्यत्यय इथेच राहिला. जॉनी ग्रीनवूडचं पियानो आणि तंतुवाद्यांचं संगीत चित्रपटभर वाहतं, त्यामुळे ते थांबलं की खोलीतला प्रत्येक खणखणाट टोचतो.

याच काळात एक गोष्ट उलट दिशेने घडते. बार्बरा रोझ ही श्रीमंत गिऱ्हाईक स्वतःच्या लग्नसमारंभात दारू पिऊन पडते, अंगात वुडकॉकचा हिरवा पोशाख. ती या पोशाखाच्या लायकीची नाही असं म्हणणारी आल्मा आहे. दोघं जाऊन तो पोशाख तिच्या अंगातून काढून आणतात आणि रस्त्यात एकमेकांना मिठी मारतात. रेनॉल्ड्सला प्रेम कशाने होतं हे इथे स्पष्ट दिसतं: त्याच्या कामाची इज्जत त्याच्याइतकीच जपणारं माणूस भेटल्याने. पण याच प्रकरणात आधी एक पत्रकार बार्बराच्या होणाऱ्या नवऱ्याला युद्धकाळात ज्यूंना विकलेल्या व्हिसांबद्दल विचारतो आणि कॅमेरा आल्माच्या चेहऱ्यावर थांबतो. तिचा भूतकाळ चित्रपट कधीच सांगत नाही. तिचा उच्चार इंग्रजी नाही, एवढंच. मी तो थांबलेला कॅमेरा गंभीरपणे घेतो. ही बाई कुठून आली आणि जागा टिकवण्यासाठी ती इतकी चिवट का, याचा तेवढाच धागा आपल्या हाती लागतो.

मग बेल्जियमच्या राजकन्येच्या लग्नाचा पोशाख करायचं काम येतं. आल्मा तिच्यासमोर जाऊन स्वतःची ओळख करून देते आणि म्हणते, मी इथे राहते. योहाना हे कधी म्हणाली असेल असं मला वाटत नाही.

लोणी

आल्मा एका संध्याकाळी सगळ्यांना घराबाहेर पाठवून त्याच्यासाठी स्वतः जेवण करायचं ठरवते. सिरिल तिला आधीच सांगते की हे करू नकोस. आल्माचं म्हणणं असं की मला त्याच्यावर माझ्या पद्धतीने प्रेम करायचं आहे. ती शतावरीचे कोंब लोण्यात करते. त्याला ते तेल आणि मीठ लावून लागतात.

लोण्याचं रेशनिंग ब्रिटनमध्ये 1940 च्या जानेवारीत सुरू झालं आणि 1954 च्या मे महिन्यात संपलं. त्या काळच्या कुणाही साध्या माणसासाठी सढळ हाताने लोणी वापरणं म्हणजे लाड करणं होतं. आल्मा लाड करत होती. रेनॉल्ड्सने त्यात स्वतःच्या नियमांवरचा हल्ला पाहिला, आणि तो इतका क्रूर बोलतो की तिने घरातल्या सगळ्या नियमांवर, भिंतींवर, दारांवर, या खेळावर बोट ठेवलं. भांडण चवीचं उरत नाही. माझं या घरात स्थान काय, मी कशाची वाट पाहत उभी आहे, हा तिचा प्रश्न असतो आणि तो त्याचं उत्तर देत नाही.

इथे पारडं फिरतं. गावाकडच्या घराभोवती मिळणाऱ्या विषारी अळंब्या तिने पुस्तकात पाहून ओळखल्या आहेत. त्यातली थोडीशी पूड ती त्याच्या चहात टाकते. मारण्यासाठी टाकलेली नाही. त्याला काही दिवस आडवा पाडायचा आहे. काम संपलं की थकून लहान मुलासारखा होणारा रेनॉल्ड्स तिने आधी पाहिला होता. तसा तो फक्त तिच्या हाती यावा, एवढंच तिला हवं होतं.

तो कोसळतो तो थेट राजकन्येच्या पोशाखावर. घर हादरतं. दुसऱ्या दिवशी पोशाख द्यायचा आहे. रात्रभर सगळ्या बायका दिव्याखाली बसून उसवतात, कापतात, शिवतात, आणि आल्माही त्यांच्यात बसते. या बायकांमधल्या दोघी प्रत्यक्ष आयुष्यात उंची पोशाखांच्या कामातून निवृत्त झालेल्या, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या कारागीर आहेत, आणि त्यांचे हात नटांचे नाहीत हे सुई धरण्यावरूनच कळतं. डे-लुईसनेही या भूमिकेसाठी न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या वेशभूषा विभागाचे प्रमुख मार्क हॅपेल यांच्या हाताखाली शिवणकाम शिकून बालेन्सियागाचा एक पोशाख स्वतः उभा केला होता. त्या मेहनतीमुळेच त्याने टाचणी तोंडात धरली तरी ती सवय वाटते, अभिनय वाटत नाही.

पोशाख दुरुस्त करताना आल्माला आत शिवलेली एक छोटी पट्टी सापडते. या कपड्याला कधी शाप लागू नये, अशा अर्थाचे शब्द रेनॉल्ड्सने त्यावर भरलेले. ती पट्टी ती काढून घेते. चित्रपटात यावर कोणी एक शब्द बोलत नाही. त्याची गुपितं शिवणीत असतात हे त्याने पहिल्याच रात्री सांगितलं होतं, आणि तिने ते लक्षात ठेवलं. आता तिला शिवण उसवता येते.

तापात त्याला खोलीत उभी असलेली मेलेली आई दिसते, लग्नाच्या पोशाखात. मग आल्मा आत येते आणि आई नाहीशी होते. बरं वाटल्यावर तो खाली येतो. पोशाख तयार उभा आहे, शेजारी ती झोपली आहे. तिथे तो तिला लग्नाची मागणी घालतो. जे घर बदलत नाही ते मेलेलं घर, असं तो म्हणतो. ती लगेच हो म्हणत नाही, तो अस्वस्थ होतो. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या वेळेवर त्याला थांबावं लागतं.

लग्नानंतर

लग्नाने काही सुटत नाही. तिचं खाणं पुन्हा कानाला टोचू लागतं. नववर्षाच्या रात्री तिला नाचायला जायचं असतं, तो येत नाही, ती एकटी जाते. तो मागून जाऊन गर्दीत तिला शोधतो. जुनी गिऱ्हाइकं नव्या फॅशनच्या घरांकडे निघाली आहेत. त्याचा राग तो आल्मावर काढतो. ती इथे नको, असं तो सिरिलला सांगतो तेव्हा आल्मा दारात उभी असते.

आणि सिरिल जुनी रीत चालवत नाही. योहानाच्या वेळी तोडगा तिने स्वतः सुचवला होता. आल्माबद्दल ती सांगते की मला ही आवडते. मला वाटतं, आल्माचा खरा विजय या वाक्यात आहे, अळंबीत नाही. या घरातून माणसं बाहेर काढणारा हात सिरिलचा होता. तो हात थांबला की रेनॉल्ड्सकडे कुणालाही घालवण्याचं साधनच उरत नाही, कारण ते काम त्याने स्वतः कधी केलेलं नाही.

मग ऑम्लेट. गावाकडचं स्वयंपाकघर. आल्मा अळंब्या चिरते, तव्यात लोणी टाकते, भरपूर. तो टेबलाशी बसून पाहतो. ती पाणी ओतते, मुद्दाम उंचावरून, आवाज करत. तो पहिला घास तोंडाजवळ नेतो, वास घेतो, तिच्याकडे पाहतो. चावतो. सावकाश. गिळतो. मग ती त्याला सरळ सांगते की तू माझ्यापुढे असहाय, हळवा, मोकळा पडलेला मला हवा आहेस आणि मग पुन्हा उभा राहिलेला हवा आहेस. तू मरणार नाहीस, तुला वाटेल की आपण मरतोय, पण मरणार नाहीस. तो तिला आपल्याला त्रास सुरू होण्याआधी जवळ घ्यायला सांगतो.

सुरुवातीला तो आकडे बोलत होता आणि ती निमूट उभी होती. इथे किती द्यायचं, कधी द्यायचं हे तिच्या हाती आहे आणि तो निमूट बसला आहे.

मला काय वाटतं

चित्रपटाला ऑस्करची 6 नामांकनं मिळाली आणि 2018 च्या मार्चमध्ये पुरस्कार मिळाला तो मार्क ब्रिजेसच्या वेशभूषेला. योग्यच. पण त्यामुळे हा सुंदर कपड्यांचा चित्रपट म्हणून ओळखला गेला, आणि त्यातल्या नात्याबद्दलचा वाद मागे पडला. तो वाद टाळून या चित्रपटावर प्रेम करता येत नाही.

आक्षेप स्पष्ट आहे. नवऱ्याला विष देणाऱ्या बाईची ही गोष्ट प्रेमकथा म्हणून दाखवली आहे. भूमिका उलट्या असत्या तर आपण हे सहन केलं असतं का? नसतं. आणि रेनॉल्ड्स वर्षानुवर्षं जे करत होता, म्हणजे माणसं आणायची, त्यांना बेतायची, कंटाळा आला की पोशाख देऊन पाठवायची, ते मात्र आपण एका प्रतिभावंताचा विक्षिप्तपणा म्हणून सहन करतो. चित्रपट या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो, हे त्याचं मोठेपण आहे. तरी त्या दोन्ही सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही.

चहाच्या वेळी रेनॉल्ड्सला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्या कुणीतरी परस्पर घेतला, आणि त्याआधी तो कितीही निष्ठुर वागला असला तरी त्या पहिल्या वेळेसाठी मी आल्माला माफ करू शकत नाही. ऑम्लेटची गोष्ट निराळी. तिथे समोर काय आहे हे दोघांनाही माहीत होतं, ताट बाजूला सारायला त्याचे हात मोकळे होते, आणि घास त्याने स्वतः गिळला.